घरचा निधीसंकलन कार्यक्रम आणि टेबलावरच्या बाटल्या: उद्या काही झालं तर कोणाच्या अंगावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विलेपार्ल्यात स्वतःचा टेरेस फ्लॅट आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय करणारी एक नोंदणीकृत संस्था आहे आणि तिच्यासाठी घरीच निधी गोळा करायचा आहे. पंचेचाळीसेक पाहुणे, माणशी तीन हजारांचा पास, त्यात जेवण, गाण्याची मैफल आणि ‘अनलिमिटेड वाइन-व्हिस्की’. शेवटी ड्यूटी-फ्रीमधून आणलेल्या एका सिंगल माल्टच्या बाटलीचा लिलाव. वाढायला मुलगा आणि त्याचे कॉलेजचे मित्र. न्यू जर्सीला राहणाऱ्या बहिणीने फोनवर घाबरवलंय की, पाहुणा तुमच्याकडे पिऊन गेला आणि वाटेत कोणाला उडवलं तर केस यजमानावर होते. आपल्याकडे असं असतं का? आणि विम्यात हे बसतं का?

मी मुंबईत वकिली करते. राज्य उत्पादन शुल्क आणि धर्मादाय आयुक्त ही दोन्ही कार्यालयं माझ्या रोजच्या पायाखालची, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहीण तिच्या जागी बरोबर आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निकाल दिला की, पाहुण्याला चढली आहे आणि तो गाडी चालवणार आहे हे दिसत असताना यजमान पाजत राहिला, तर अपघातात जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाला भरपाई देण्याची जबाबदारी यजमानावरही येते. सगळीकडे असं नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली, जिथे पाहुणे आपापली दारू घेऊन आले होते अशा घरगुती पार्टीच्या यजमानाला जबाबदार धरायला नकार दिला. आपल्याकडे यजमानाच्या अशा जबाबदारीचा स्वतंत्र कायदाच नाही. अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो आणि तिथे समोर असतात चालक, गाडीचा मालक आणि विमा कंपनी. यजमान सहसा त्या यादीत नसतो.

पण म्हणून सुटलो असं समजू नका. तुम्हाला भीती वाटतेय ती रस्त्यावरच्या अपघाताची. माझी काळजी त्याच्या बरीच आधी, पासवरच्या तीन हजारांच्या आकड्यापाशी सुरू होते.

महाराष्ट्रात दारूचा सगळा कारभार १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली चालतो. नाव दारूबंदीचं असलं तरी प्रत्यक्षात तो परवान्यांचा कायदा आहे: बनवायला परवाना, विकायला परवाना, बाळगायला आणि प्यायलाही परवाना. प्यायचं परमिट बहुतेकांनी जन्मात पाहिलेलं नसतं, पण ते असतं. विदेशी मद्याचं एक दिवसाचं पाच रुपयांत, वर्षाचं शंभरात, आजन्म हजारात. या कायद्यात सार्वजनिक मद्यपानाच्या अड्ड्याची व्याख्या दिलेली आहे. मालकाच्या किंवा जागा सांभाळणाऱ्याच्या फायद्यासाठी जिथे दारू प्यायला मुभा दिली जाते, ती जागा. फायदा दारूचे पैसे घेऊन होवो, जागेचं भाडं घेऊन होवो, इतर सोयींचे पैसे घेऊन होवो की आणखी कुठल्या प्रकारे. अशी जागा चालवणं हा कलम ६८ खाली गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे, आणि तिथे पिताना सापडलेल्या पाहुण्यांसाठी कलम ८४ वेगळं.

आता तुमचा पास पुन्हा वाचा. ‘पैसे संस्थेला जाणार, माझ्या खिशात एक रुपया नाही’ हे तुम्ही म्हणाल, आणि ते खरंही असेल. कोर्टात हा बचाव मांडता येईल. पण रात्री अकराला शेजाऱ्याच्या तक्रारीवरून दारात उभ्या असलेल्या निरीक्षकासमोर तो मांडत बसण्यात अर्थ नसतो. त्याला दिसतं ते एवढंच: पैसे घेऊन दारू दिली जातेय आणि लायसन नाही. ‘पास जेवणाचा आहे, दारू फुकट आहे’ ही पळवाट तर इतक्या जणांनी वापरली आहे की ती ऐकून तो हसतोही नाही. तीन हजार न देणाऱ्याला ग्लास मिळणार होता का, या एका प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही.

बाटलीचा लिलाव त्याहून सरळ आहे. तो विक्रीच आहे. ‘चॅरिटी ऑक्शन’ म्हटल्याने विक्रीची देणगी होत नाही. त्यात ड्यूटी-फ्रीची बाटली म्हणजे स्वतःच्या वापरासाठी करमाफीत आणलेला माल पैशाला विकणं, म्हणजे कस्टमलाही आमंत्रण. लिलावाला चित्र ठेवा, पैठणी ठेवा, कोकणातल्या घरातला दोन दिवसांचा मुक्काम ठेवा. बाटली तेवढी काढा.

आमंत्रणाचंही तसंच. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात ‘₹ ३,००० मध्ये अनलिमिटेड वाइन-व्हिस्की’ हे वाक्य सगळ्यात वर, ठळक, शेजारी ग्लासचं चित्र. दारूचं आमिष दाखवणाऱ्या जाहिरातीवर याच कायद्यात बंदी आहे. तो भाग बाजूला ठेवला तरी हा मजकूर म्हणजे तुमच्याविरुद्धचा पुरावा तुम्हीच टाइप करून शंभर जणांना वाटल्यासारखा आहे. व्हॉट्सअॅपवर फिरलेलं आमंत्रण पंचनाम्याला सर्वांत आधी जोडलं जातं. आमंत्रणात संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, कार्यक्रम, वेळ आणि देणगी थेट संस्थेच्या खात्यात कशी भरायची एवढंच हवं. दारूचा उल्लेख नको, आकड्याशेजारी तर नकोच.

मग करायचं काय? माझ्या मते दोनच मार्ग धड आहेत.

एक, घरचा कार्यक्रम कोरडा ठेवा. सोलकढी, पन्हं, गरम भजी, बटाटेवडे आणि चांगलं गाणं. पार्ल्यातल्या लोकांना गाण्यासाठी व्हिस्कीची लाच लागते असं मला वाटत नाही. दारू असली की देणग्या जास्त येतात ही समजूत आयोजकांची असते. मला भेटलेले मोठे देणगीदार चेक घरून लिहूनच आणतात. (एकदा एका गृहस्थांनी व्यसनमुक्ती केंद्राच्या मदतीसाठी कॉकटेल संध्याकाळ ठेवायची म्हणून सल्ला मागितला होता. त्यांना कायद्याच्या आधी दुसरंच काहीतरी सांगावं लागलं.)

दोन, पेयं हवीच असतील तर कार्यक्रम लायसन असलेल्या जागेत न्या: परमिट रूम असलेलं रेस्टॉरंट किंवा क्लब. तिथे मद्याची विक्री त्यांच्या लायसनवर, त्यांच्या बिलावर होते आणि ज्याला प्यायचंय तो आपल्या पैशाने पितो. तुमची देणगी वेगळ्या टेबलावर राहते.

तिसरा मार्ग म्हणजे घरीच एक दिवसाचं लायसन काढणं. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. पार्ले मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, त्यामुळे अर्ज उपनगरच्या अधीक्षकांकडे जातो, शहरच्या नाही. कुलाब्यातल्या मित्राने दिलेला ‘ओळखीचा साहेब’ तुमच्या उपयोगाचा नाही. फी पोर्टलवरच बघा, ती बदलत असते. पण निवासी इमारतीत, पास लावून केलेल्या कार्यक्रमासाठी लायसन मागितलंत की सोसायटीचं ना-हरकत पत्र आलं, आणि तिथे खरी लढाई सुरू होते. टेरेस तुमच्या फ्लॅटला जोडलेली आहे की सोसायटीची सामाईक आहे, हे आधी करारनाम्यात वाचा. सामाईक असेल तर उद्या काही झालं की चेअरमन आणि सेक्रेटरी तुमच्याबरोबर ओढले जातात, म्हणून ते सही करणार नाहीत. त्यांच्या जागी मीही केली नसती. आणि लक्षात ठेवा, लायसन ज्याच्या नावावर, उत्तरं त्याने द्यायची. सवलतीच्या नादात ते नोकराच्या किंवा केटररच्या माणसाच्या नावाने काढू नका.

समजा, हे सगळं बाजूला ठेवून तुम्ही पास काढून टाकलात आणि निव्वळ घरगुती, फुकट पार्टी ठेवलीत. तरी काही गोष्टी उरतात.

वय. महाराष्ट्रात स्पिरिटसाठी म्हणजे व्हिस्की, रम, व्होडकासाठी वयाची अट २५ आहे. सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. अठराव्या वर्षी मतदान करता येतं म्हणून पिताही येतं, असं कॉलेजच्या मुलांना खरोखर वाटतं, त्यांच्या आईवडलांनाही. जुलै २०२४ मध्ये वरळीला हिट-अँड-रन झाल्यावर तपास जुहूच्या ज्या बारपर्यंत गेला, त्याला उत्पादन शुल्क विभागाने सील ठोकलं ते पंचविशीच्या आतल्या ग्राहकाला हार्ड लिकर दिल्याबद्दल. त्याआधी मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला झालेल्या पोर्शे अपघातात अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्या पबच्या मालक-मॅनेजरना अटक झाली. हे बारवाले होते, तुम्ही घरमालक. पण अठराच्या आतल्या मुलाचा प्रश्न आला की तो फरक पुसला जातो. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ सांगतं की मुलाला मद्य देणाऱ्या कोणालाही सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘कोणालाही’ यात मामा, काका, यजमान सगळे आले. कलम ७८ त्याच्या पुढे जातं: मद्य पुरवायला किंवा ने-आण करायला मुलाचा वापर केला तरी तेवढीच शिक्षा.

आता तुमच्या मुलाच्या मित्रांकडे बघा. कोण अठराचा, कोण सतराचा, तुम्हाला नक्की माहीत आहे? आपल्या घरांत हे फार सहज होतं. ‘बाळा, काकांचा ग्लास भर रे, बर्फ दोनच टाक.’ तो बाळ ट्रे घेऊन बाल्कनीत जातो, वाटेत एक घोट घेतो, आणि सगळ्यांना त्याचं कौतुक वाटतं. या मुलांना गेटवर उभं करा, पार्किंग दाखवायला लावा, देणगीच्या टेबलावर बसवा. बाटल्यांच्या खोलीत त्यांना कामच नको.

बाटल्या कुठून येतात हेही बघा. पार्टीच्या आदल्या दिवशी कोणीतरी हमखास म्हणतं, ‘माझा मेव्हणा आर्मीत आहे, कॅन्टीनची मिळेल’, नाहीतर ‘गोव्याहून येतोय, दोन खंबे टाकतो गाडीत.’ बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. महाराष्ट्रात विक्रीसाठी असल्याचा शिक्का आहे का? कॅन्टीनच्या बाटलीवर ती फक्त संरक्षण दलांसाठी असल्याचं छापलेलं असतं. ती तुमच्या टेबलावर सापडली तर तुमच्याबरोबर मेव्हण्याच्या नोकरीचाही प्रश्न होतो. गोव्याची दारू परवान्याशिवाय राज्यात आणणं हा वेगळा गुन्हा. वाइन शॉपमधून घ्या, बिल घ्या, बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई महिन्याभरात उडते. स्वस्तात स्कॉच देणाऱ्या ‘सप्लायर’कडे वळूही नका. ब्रँडेड बाटल्यांत हलका माल भरून विकणाऱ्यांवर मुंबईत धाडी पडतात, आणि भेसळीच्या दारूत मिथेनॉल आलं की माणसं मरतात. २०१५ चं मालाड-मालवणीचं विषारी दारूकांड विसरू नका. त्या टोळ्यांना रिकाम्या बाटल्या लागतात, आणि त्या तुमच्याआमच्या भंगारातून जातात. म्हणून दुसऱ्या दिवशी लेबल फाडा, झाकण वेगळं फेका, मगच बाटली द्या.

तारीख ठरवताना ड्राय डे बघा: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी, अनंत चतुर्दशी. निवडणूक आली तर जास्त सावध. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ग मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत मद्य विकायला, द्यायला आणि वाटायला मनाई करतं, आणि त्यात सार्वजनिक जागेबरोबर खासगी जागाही येते. म्हणजे त्या दोन दिवसांत स्वतःच्या दिवाणखान्यात पाहुण्याला ग्लास भरून देणंही अडचणीचं.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे, म्हणजे पाहुणा आणि त्याची गाडी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. ३० मिलिग्रॅम म्हणजे फार नाही, शिडशिडीत माणसाला दोन पेगांतही ती मर्यादा ओलांडता येते. यजमान इथे कुठे येतो? कलम १८८ मधून. दारू पिऊन गाडी चालवायला चिथावणाऱ्याला किंवा मदत करणाऱ्याला तीच शिक्षा आहे. नुसतं पाजणं म्हणजे मदत असं मी म्हणणार नाही. पण झोकांड्या खाणाऱ्या माणसाला वॉचमनकडून किल्ली आणून देणं, ‘जा रे, रस्ते मोकळे आहेत’ म्हणणं, किंवा त्याची गाडी अडकली म्हणून आपली गाडी देणं, हे त्याच्या फार जवळ जातं. आपली गाडी दिलीत तर भरपाईच्या दाव्यात तुम्ही गाडीमालक म्हणून सरळ आत येता, आणि चालक प्यायलेला होता म्हणून विमा कंपनी दिलेली रक्कम तुमच्याकडून वसूल करायला मागे लागू शकते. अपघातात मृत्यू झाला तर पोलिस हल्ली अशा प्रकरणांत फक्त निष्काळजीपणाचं कलम १०६ लावून थांबत नाहीत, भारतीय न्याय संहितेचं सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावतात. ते चालकावर लागतं. पण तो कुठे प्यायला, कोणी पाजलं, किती वाजता निघाला, हे सांगायला तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना पोलिस ठाण्यात बसावं लागतं, आणि तुमचं लायसन, परमिट, बिलं नेमकी तेव्हा मागितली जातात. वर म्हटलेला पासचा मुद्दा त्या रात्री जड होतो.

म्हणून घरी प्यायला देणार असाल तर ओतणारा माणूस एकच ठेवा. तो स्वतः पिणारा नको आणि हातात ३० मिलीचं मेजर हवं. ‘आपल्या हाताने घ्या’ म्हणून टेबलावर बाटल्या मांडल्या की कोणी किती घेतली हे कोणालाच माहीत राहत नाही. गाडी घेऊन आलेल्यांच्या किल्ल्या येतानाच टोपलीत घ्या, परतीसाठी तासावर मिळणारे दोन ड्रायव्हर आधी ठरवा, बाकीच्यांना टॅक्सी. जेवण लवकर लावा. मुंबईत पार्टीचं जेवण साडेअकराला येतं, तेव्हा लोक चखण्यावरच तीन पेग संपवून बसलेले असतात. मैफल माइकवर असेल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, नाहीतर तक्रार दारूची नसली तरी पोलिस आवाजासाठी येतात आणि मग बाटल्या दिसतात. आणि कोणी बेशुद्धीकडे झुकला तर त्याला ‘झोपू दे’ म्हणून आतल्या खोलीत एकटं टाकू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. कॉफी पाजून काही होत नाही.

विम्याबद्दल विचारलंत. घराच्या विम्यात हे बसत नाही असंच धरून चाला. कार्यक्रमासाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी मिळते, पण त्यातल्या अपवादांत मद्यातून उद्भवलेलं नुकसान आणि बेकायदा कृत्य हे दोन शब्द शोधा. ते असतील तर लायसनशिवाय दारू देऊन ती पॉलिसी घेणं म्हणजे हप्ता फुकट घालवणं.

राहिली संस्थेची बाजू. गणपतीची मंडळं वर्गणीसाठी दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क खाली अर्ज करतात हे तुम्हाला माहीत असेल. तुमची संस्था नोंदणीकृत आहे, पण तुम्ही तिचे कोणी नाही. तेव्हा तिच्या नावाने पैसे घ्यायचा तुम्हाला लेखी अधिकार हवा आणि पावती तिच्याच पावतीपुस्तकातली हवी. देणगी तुमच्या जीपे नंबरवर घेऊन नंतर संस्थेला देणं टाळा. पासच्या पूर्ण रकमेची आयकर सवलतीची (८०जी) पावती देऊ नका. ज्याच्या बदल्यात जेवण आणि मैफल मिळाली, ती सगळी रक्कम देणगी नसते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत मिळतच नाही. अमेरिकन नागरिक असलेल्या नातेवाइकांचे पैसे संस्थेकडे परदेशी देणग्या घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी असेल तरच, आणि तिच्या त्या खात्यातच. वाइन शॉपचं बिल संस्थेच्या खात्यातून कधीच जाऊ नये. ऑडिटर ते पहिल्या पानावर पकडेल आणि विश्वस्तांना वरळीला धर्मादाय आयुक्तांपुढे उत्तर द्यावं लागेल. तुम्ही ज्यांना मदत करायला निघालात, त्यांची नोंदणी तुमच्या पार्टीपायी धोक्यात यावी हे कोणालाच नको असणार.

तेव्हा सोमवारी केटररला किंवा गायकाला नाही, आधी संस्थेच्या सचिवांना फोन करा. कार्यक्रमात मद्य असणार आहे हे स्पष्ट सांगून लेखी संमती मागा. बहुतेक संस्था तिथेच नाही म्हणतील. नाही म्हणाल्या तर मद्य काढून कार्यक्रम घरीच करा. हो म्हणाल्या तर विश्वस्तांच्या ठरावाची प्रत मागवा आणि लायसन असलेल्या दोन-तीन जागांचे दर काढा. पास छापायला टाकायच्या आधी त्यावरचा मजकूर कोणाला तरी दाखवून घ्या.